श्टाइनचा पेन्सिलवाला

निनाद : आत्या, फेबर-कॅसल कंपनी १७६१ सालची आहे, हे खरं का गं?

आत्या : खरं आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टाइन नावाचं गाव आहे. तिथे कास्पर फेबर नावाच्या सुतारकाम करणाऱ्या माणसाने तेव्हा पेन्सिली करायला घेतल्या. पण धंदा जगभर नेला तो त्याच्या पणतूने, लोथारने. वडील वारले म्हणून १८३९ साली तो पॅरिसहून घरी आला. वय बावीस, आणि कारखान्यात जेमतेम वीसेक कामगार.

निनाद : पॅरिसला काय करत होता?

आत्या : व्यापार शिकत होता. मोठ्या शहरात माल कसा विकला जातो, ते त्याने तिथे पाहिलं. इकडे गावची पेन्सिल व्यापाऱ्यांमार्फत स्वस्तात जायची, करणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. लोथारने आधी मालाची प्रत सुधारली. पेन्सिलीची लांबी, जाडी, शिशाचा कडकपणा ठरवून दिला आणि प्रत्येक पेन्सिलीवर ‘ए. डब्ल्यू. फेबर’ हा आजोबांच्या नावाचा छाप मारला.

निनाद : शिसं कडक-मऊ करतात तरी कसं?

आत्या : ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भट्टीत भाजतात. माती जास्त घातली की शिसं कडक आणि रेघ फिकट. ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळीभोर. फ्रान्समध्ये कॉन्ते याने १७९५ साली ही रीत काढली होती.

निनाद : मग या पेन्सिली घेऊन तो कुठे कुठे गेला?

आत्या : नमुने घेऊन तो स्वतः हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड, इटली, रशिया असा हिंडला. युरोप त्याने पायाखाली घातला आणि त्यापुढचं जग दुकानांनी गाठलं. १८४९ साली न्यूयॉर्कला शाखा निघाली, ती धाकट्या भावाने, एबरहार्डने सांभाळली. युरोपातही १८५१ ला लंडन, १८५५ ला पॅरिस अशा शाखा निघाल्या.

निनाद : आणि कच्चा माल?

आत्या : तोही लांबून यायचा. सैबेरियात आलिबेर नावाच्या फ्रेंच माणसाला उत्तम ग्रॅफाइट सापडलं होतं. १८५६ साली लोथारने त्याच्याशी करार केला. त्या दुर्गम डोंगरांतून ग्रॅफाइट रेनडिअरच्या पाठीवरून बाहेर यायचं.

निनाद : एवढं नाव झाल्यावर नकला झाल्या असतील ना?

आत्या : खूप! म्हणून १८७४ साली त्याने जर्मन संसदेकडे व्यापारचिन्हांना संरक्षण मागितलं. त्याच वर्षी तसा कायदा झाला.

निनाद : कामगारांच्या वाट्याला काय आलं?

आत्या : १८४४ सालीच त्याने त्यांच्यासाठी आजारपणाचा विमा निधी काढला. पुढे घरं बांधली, मुलांसाठी बालवाडी सुरू केली. १८९६ साली तो गेला. कंपनीचं मुख्य ठाणं आजही श्टाइनमध्येच आहे. आपल्याकडे लहान गावात कारखाना काढणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढं जरूर घ्यावं : माल अव्वल करावा, त्यावर आपलं नाव घालावं, आणि तो घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी स्वतः जावं.