राखणीचा कुत्रा: घ्यायला किती, सांभाळायला किती

रोज पहाटे पळायला जाता, सुट्टीच्या दिवशी गड चढता, आणि सोबतीला असा कुत्रा हवाय की अनोळखी माणूस जवळ यायला दोनदा विचार करेल. मग पैसे मोजण्याआधी एक गोष्ट पक्की करा. अंगावर जायला शिकवलेला कुत्रा तुम्हाला नको आहे. तुमचा कुत्रा कुणाला चावला तर जबाबदार तुम्ही. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुकसानभरपाईचा दावा वेगळाच. पळणाऱ्या माणसाला राखण म्हणून तीन गोष्टी पुरतात: कुत्र्यानं वेळेवर भुंकावं, तुमच्याजवळ राहावं आणि एका हाकेत परत यावं. तिसरी गोष्ट शिकवायला सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा लागतो. बहुतेक लोक नेमकी तिथेच काटकसर करतात.

‘गार्ड ट्रेनिंग झालेला’ म्हणून लाखभर रुपयांना मोठा कुत्रा विकायला काढणारे भेटतील. घेऊ नका. त्याला काय शिकवलंय, कसं शिकवलंय आणि तो कशानं बिथरतो, हे कळायला तुमच्याकडे काहीही मार्ग नसतो.

आता जाती. खालचे भाव पाळण्यासाठीच्या पिल्लांचे, साधारण मोठ्या शहरांतले. प्रदर्शनात उतरवायच्या पिल्लांचे दुप्पट-तिप्पट सांगतात आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

जर्मन शेफर्ड: १५ ते ३५ हजार. शिकायला हुशार, घराला चिकटून राहणारा, आवाज भारदस्त. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यालाही जमतो, मात्र रोज दीड-दोन तास द्यायला हवेत. अंगावर दुहेरी केस असल्यानं उन्हाळा त्याला जड जातो. खुब्याचा सांधा ही या जातीची दुखरी जागा आहे. पाठ मागे उतरत गेलेलं पिल्लू ‘शो लाइन’ म्हणून महाग विकतात; पळायला सरळ पाठीचंच बघा.

डॉबरमन: १२ ते ३० हजार. पळण्यात याच्याइतका जोडीदार कमी जातींत मिळतो. केस आखूड, गोचीड लवकर दिसते. एकट्याला बाहेर बांधून ठेवलं तर बिघडतो. हा घरातच राहणारा कुत्रा आहे. हृदयाचा आजार या जातीत बराच आढळतो, म्हणून पिल्लाच्या आई-बापांची तपासणी झाली आहे का, हे विचारा. कान कापून, शेपूट छाटून देतो म्हणाले तर तिथून उठा. त्या वेदनेचा राखणीशी काही संबंध नाही.

रॉटवायलर: २० ते ५० हजार. ताकद प्रचंड. मोठा झाल्यावर घरातल्या सगळ्यात हलक्या माणसाला तो आवरणार नसेल तर नाव काढू नका. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं रॉटवायलर, पिटबुलसह २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द केलं. तरी स्थानिक नियम बदलत राहतात. आगाऊ रक्कम देण्याआधी तुमच्या पालिकेत चौकशी करा.

बेल्जियन मॅलिनॉय: ४० हजारांपासून लाखापर्यंत. पोलिसांच्या आणि लष्कराच्या पथकात शोभतो. तुम्ही मॅरेथॉन पळत असाल तरी याला तुमचं पळणं पुरणार नाही. त्याला दिवसभर काम लागतं. नोकरी करणाऱ्यानं घेऊ नये, एवढं स्पष्ट सांगते.

कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड: ५ ते १५ हजार. आपल्या दख्खनचा, आपल्या उन्हाला सरावलेला, वाऱ्यासारखा पळणारा. पण तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा. ससा किंवा मांजर दिसलं की हाक ऐकू येत नाही, त्यामुळे रस्त्याजवळ पट्टा सोडायचा नाही. परक्याला जवळ करत नाही, पण अंगावरही जात नाही. शेत किंवा मोठं आवार असेल तर उत्तम.

आणि गावठी. दत्तक घेतला तर किंमत शून्य. माझं मत विचाराल तर पळणाऱ्या दहांपैकी सहा-सात जणांना हाच पुरतो. केस आखूड, पाय मजबूत, उन्हात टिकणारा, आणि परका दाराशी आला की सगळ्यांच्या आधी भुंकणारा. पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचा घ्या. त्या वयात स्वभाव दिसतो: माणसांना बुजतो का, दुचाकीमागे धावतो का, दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो. दत्तक देणाऱ्या संस्थेला सांगून त्याला आधी दोन-तीनदा फिरवून आणा. पिल्लात हे काहीच कळत नाही, तिथे तुम्ही अंदाजावर पैसे लावता.

जातिवंत पिल्लूच हवं असेल तर ब्रीडरच्या घरी जा. मॉलबाहेर, पार्किंगमध्ये, ‘मध्येच कुठेतरी भेटू’ असा व्यवहार नको. आई बघायचीच. ती तुम्हाला बघून कोपऱ्यात दबली किंवा दात दाखवू लागली तर पिल्लं कितीही गोंडस असोत, परत या. मग पिल्लांपासून चार पावलांवर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकून मागे सरेल आणि मिनिटभरात नाक पुढे करत येईल ते पिल्लू तुमचं. कोपऱ्यातून बाहेरच न येणारं नको. पुढे भीतीनं चावणारे कुत्रे बहुधा असेच वाढलेले असतात. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेत. डोळ्यांत चिकटा आणि शेपटीखाली ओलसरपणा असेल तर ‘प्रवासामुळे झालंय’ हे ऐकून घेऊ नका.

कागद कोणते? कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्याप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. लसीचं कार्ड बघा: त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही-शिक्का हवा. नुसती पेनानं लिहिलेली तारीख म्हणजे लस नव्हे. ‘केसीआय पेपर’ म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशाचा दाखला. तो कुळ सांगतो, तब्येत सांगत नाही. दाखल्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक आणि पिल्लाच्या अंगातली चिप जुळते का, हे कुठल्याही व्हेटकडे स्कॅनर लावून दोन मिनिटांत कळतं. पेपर नंतर पोस्टानं पाठवतो म्हणाले तर पेपरचे पैसेही नंतरच द्या.

पावतीवर हे लिहून घ्या: जात, नर की मादी, जन्मतारीख, चिप क्रमांक, दिलेल्या लसी आणि ‘४८ तासांत डॉक्टरी तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’. शेवटची ओळ लिहायला ब्रीडर कां-कूं करू लागला की तुम्हाला उत्तर मिळालं.

ऑनलाइन जाहिरातीतलं आठ हजारांचं जर्मन शेफर्ड विसरा. आधी बुकिंगचे पैसे, मग पिंजऱ्याचे, मग विमानाचे, मग ‘विम्याचे परत मिळणारे’ पैसे मागतात आणि पिल्लू येतच नाही. एक रुपयाही आगाऊ पाठवू नका.

खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी एकत्रित लस, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची, मग बूस्टर, आणि पुढे ठरलेल्या वेळी पुन्हा. खासगी दवाखान्यात एकत्रित लस ६०० ते १,५०० रुपये, रेबीज २०० ते ५००, वर प्रत्येक वेळी तपासणी शुल्क. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात हेच बरंच स्वस्त पडतं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मोठ्या तपासण्यांसाठी लक्षात ठेवा. सकाळी लवकर जा.

पावसाळ्यात गवतातून पळणार असाल तर गोचिडीवरचं औषध हा बाराही महिन्यांचा खर्च धरा: महिना ५०० ते ९००. गोचीडताप झाला तर रक्ततपासण्या, सलाइन मिळून बिल सहज १५-२० हजारांवर जातं. साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. एकत्रित लसीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे डॉक्टरांना विचारा.

तीस किलोच्या कुत्र्याला कोरडं खाद्य महिन्याला दहा-बारा किलो लागतं, म्हणजे साधारण ३ ते ६ हजार. घरचं अन्न द्यायचं तर भात-अंडी-चिकनचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसत्या दूध-पोळीवर मोठ्या जातीचं पिल्लू वाढत नाही. ट्रेनर घरी येऊन महिन्याला ५ ते १२ हजार घेतो. तो तुम्हाला शिकवतो का, हे बघा. कुत्र्याला ‘आठवडाभर ठेवून घेतो’ म्हणणारा आणि गळ्याला काटेरी साखळी लावणारा नको. नसबंदी ४ ते १२ हजार, मादीची जास्त. तुम्ही गावाला गेलात की बोर्डिंगचे दिवसाला ५०० ते १,२०० रुपये. हे कुणीच आधी मोजत नाही, आणि गणपती-दिवाळीत जागाही मिळत नाही.

आता बेरीज. जर्मन शेफर्डचं पहिलं वर्ष: पिल्लू २५ हजार, लसी-तपासण्या ७, खाद्य ४८, तीन महिन्यांचं ट्रेनिंग १८, नसबंदी ८, पट्टा-हार्नेस-क्रेट-भांडी ७, गोचीड-जंतांची औषधं ८. एक लाख एकवीस हजार, बोर्डिंग आणि आजारपण सोडून. दत्तक घेतलेल्या गावठीचं, निम्मं घरचं अन्न दिलं तर, ६० ते ६५ हजार. पिल्लू महाग वाटत असेल तर जात परवडणार नाही, असं धरून चाला.

पालिकेचा परवाना काढा. रेबीजचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो, ओळखपत्र एवढं लागतं. बऱ्याच पालिकांत ऑनलाइन होतं आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. शुल्क किरकोळ असतं. एजंटाला हजार-पाचशे देऊ नका. सोसायटी कुत्रा पाळायला मनाई करू शकत नाही, लिफ्ट वापरल्याबद्दल वेगळे पैसे लावू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून सेक्रेटरींना द्या. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची परवानगी करारातच लिहून घ्या. तोंडी हो म्हणालेले मालक पहिल्या तक्रारीला फिरतात.

पळण्याबद्दल तीन नियम. मोठ्या जातीच्या पिल्लाला पंधरा-अठरा महिन्यांचा होईपर्यंत सोबत पळवू नका, फक्त चालवा. हाडं तोवर पक्की होत नाहीत. खाऊ घातल्यावर दोन तास धावणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळवटतं आणि तासाभरात जिवावर बेततं. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताचा पंजा पाठीकडून सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

पिल्लू आणायचंच तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी आणा आणि थेट डॉक्टरकडे न्या. शनिवारी संध्याकाळी आणलेलं पिल्लू रविवारी जुलाबानं आडवं झालं की दवाखाने बंद असतात आणि पावतीवरच्या ४८ तासांतले बरेचसे निघून जातात.