प्रतिस्पर्धी कोण हवा?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

स्पर्धेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले की पहिला प्रश्न एकच असतो : ‘आपली गाठ कोणाशी?’ कोणाशी पडली तर बरे, याविषयी प्रत्येकाचे मत असते. आणि ज्याने आयुष्यात चेंडूला हात लावलेला नाही, त्याचे मत सर्वांत ठाम असते. ही चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. अपुऱ्या माहितीच्या आधारे निवड कशी करावी, हा अर्थशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याची इतकी जिवंत उदाहरणे पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम तेथील पद्धत समजून घेऊ. ‘एनबीए’ या संघटनेत ३० संघ आहेत; १५ पूर्व विभागात, १५ पश्चिम विभागात. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. त्यानंतर प्रत्येक विभागातील आठ संघ बाद फेरीत जातात. पहिल्या क्रमांकाचा संघ आठव्याशी, दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो. मात्र एका सामन्यावर निकाल लागत नाही. सात सामन्यांची मालिका असते व जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. सातवा सामना खेळण्याची वेळ आली, तर अधिक विजय मिळविलेल्या संघाला सातांपैकी चार सामने घरच्या मैदानावर मिळतात. थोडक्यात, ८२ सामन्यांची सारी धडपड दोन गोष्टींसाठी असते : घरचे मैदान मिळावे आणि प्रतिस्पर्धी सोपा मिळावा. दुसरी गोष्ट दिसते तितकी सरळ नाही.

उदाहरण घेऊ २०२३ मधील सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे. या संघाचे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला एनबीएचे दोन सराव सामने झाले, ते याच संघाचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. असा हा संघ २००६ नंतर सलग १६ हंगाम बाद फेरीपासून वंचित राहिला. एनबीएच्या इतिहासात इतका दीर्घ वनवास दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नव्हता. २००६ साली तेथे जन्मलेले मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा कोठे ४८ विजय मिळवून संघ पश्चिम विभागात तिसरा आला. त्या हंगामात प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडला जाई आणि सारे शहर तो पाहावयास बाहेर येई.

तिसऱ्याची गाठ सहाव्याशी. पण सहावा कोण, हे हंगामाच्या अखेरच्या दिवसापर्यंत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत ठरलेले नव्हते. लॉस एंजेलिस क्लिपर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स हे दोन्ही संघ अखेर ४४ विजयांवर थांबले. मग कोणता बरा?

वॉरियर्स बरे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक आकडा होता, आणि तो खरोखरच बिनतोड वाटावा असा होता. वॉरियर्सनी त्या हंगामात घरच्या मैदानावर ४१ पैकी ३३ सामने जिंकले होते. परक्या मैदानावर मात्र ४१ पैकी केवळ ११. मालिका जिंकावयाची तर त्यांना सॅक्रामेंटोत किमान एक सामना जिंकणे भाग होते. घरचे चार सामने राखले की किंग्जचे काम फत्ते! विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, हा संघ २०२२ चा विजेता आहे. स्टीफन करी आणि त्याचे सहकारी यांनी अशा मालिका कितीतरी पाहिल्या आहेत. आपल्या मुलांना तितका अनुभव नाही. त्यापेक्षा क्लिपर्स पुरवले. त्यांचा पॉल जॉर्ज गुडघ्याच्या दुखापतीने मार्चपासून बाहेर आहे, आणि फेब्रुवारीत दोन जादा डाव झालेल्या अद्भुत सामन्यात आपण त्यांना १७६–१७५ असे हरविलेही आहे. दगडापेक्षा वीट मऊ, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद होता तो दगड कोणता आणि वीट कोणती, याचा.

वॉरियर्स सहावे आले. दोन्ही शहरांतील अंतर जवळजवळ पुणे–मुंबईएवढे, त्यामुळे शेजाऱ्यांच्या भांडणाची चुरसही आली. पहिले दोन्ही सामने किंग्जनी घरी जिंकले. पुढील दोन वॉरियर्सनी आपल्या घरी जिंकले. त्यांतला चौथा अवघ्या एका गुणाने, १२६–१२५ असा. याच सामन्यात किंग्जच्या डी’ॲरन फॉक्सच्या फेकीच्या हाताचे बोट मोडले. तरी तो पुढे खेळत राहिला. पाचवा सामना वॉरियर्सनी सॅक्रामेंटोत जाऊन जिंकला. सहावा किंग्जनी सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन जिंकला. आणि सातव्यात, सॅक्रामेंटोतच, करीने एकट्याने ५० गुण केले. वॉरियर्स १२०, किंग्ज १००. जो संघ परक्या मैदानावर जिंकत नाही अशी ख्याती होती, त्याने परक्या मैदानावर चारपैकी दोन सामने जिंकले.

तर मग ‘वॉरियर्स बरे’ म्हणणारे चुकले काय? येथे घाई करून चालणार नाही. ११ विजय हा आकडा खरा होता. पण तो कशाचा आकडा होता? सहा महिन्यांचा, आणि वेगवेगळ्या दिवशी मैदानात उतरलेल्या वेगवेगळ्या संचांचा. ॲन्ड्रू विगिन्स हा त्यांचा महत्त्वाचा खेळाडू फेब्रुवारीच्या मध्यापासून हंगाम संपेपर्यंत खेळलेला नव्हता. तो परतला तो नेमका या मालिकेच्या पहिल्या सामन्यात. सरासरी ही गेलेल्या काळाविषयी बोलते. उद्या मैदानात येणाऱ्या पाच जणांविषयी ती गप्प असते. उलट, क्लिपर्सकडे पाहून ‘तेच बरे होते’ असे म्हणणेही तितकेच घाईचे. त्यांचा प्रमुख खेळाडू कवाय लेनर्ड फिनिक्सविरुद्धच्या दोन सामन्यांनंतर दुखापतीने बाहेर पडला आणि ती मालिका ते १–४ अशी हरले. परंतु ही दुखापत ९ एप्रिलला कोणालाच ठाऊक नव्हती. निर्णयाची पारख त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून करावयाची असते, नंतर लागलेल्या निकालावरून नव्हे. परीक्षेचा निकाल लागल्यावर कोणता प्रश्न सोडावयास हवा होता, हे कोणीही सांगू शकतो.

आता दुसरा मुद्दा. आपण संघांना एका शिडीवर उभे करतो : हा वरचा, तो खालचा. वरचा खालच्याला हरविणार, असे गृहीत धरतो. परंतु बळ ही वजनासारखी एकाच तराजूत तोलता येणारी वस्तू नाही. २००७ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनी ८२ पैकी ६७ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळविला. आठवा संघ होता हाच गोल्डन स्टेट, अवघ्या ४२ विजयांचा. शिडीवर पाहिले तर याहून सोपा प्रतिस्पर्धी नाही. परंतु त्या हंगामात दोघांत जे तीन सामने झाले, ते तिन्ही गोल्डन स्टेटने जिंकले होते. त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन हे पूर्वी डॅलसचेच प्रशिक्षक. त्या संघाची नाडी त्यांना पुरती ठाऊक. डॅलसचा उंचापुरा डर्क नोविट्स्की त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण गोल्डन स्टेटच्या बुटक्या, चपळ आणि अंगाला भिडणाऱ्या खेळाडूंपुढे त्याचे काही चालेना. गोल्डन स्टेटने मालिका ४–२ अशी जिंकली. सात सामन्यांच्या मालिकेत आठव्याने पहिल्याला हरविण्याची ती पहिलीच वेळ. कुलूप कितीही भक्कम असो, त्याची किल्ली कोणाकडे आहे हे पाहावे लागते.

अशा घटना विरळ का, याचे उत्तर गणितात आहे. समजा, एका सामन्यात जिंकण्याची आपली शक्यता १०० पैकी ६० आहे. तर सातांच्या मालिकेत जिंकण्याची शक्यता होते सुमारे ७१. एका सामन्यात ७० असेल, तर मालिकेत सुमारे ८७. मालिका जितकी लांब तितका बलवानाचा लाभ अधिक. म्हणूनच प्रतिस्पर्ध्यांतील लहानसा फरकही मालिकेत मोठा होतो, आणि ‘कोण हवा?’ ही चर्चा अगदीच निरर्थक ठरत नाही.

याच गणितातून तिसरा मुद्दा निघतो. चाहता बहुधा पहिल्या फेरीपुरतेच पाहतो. समजा, एका मार्गावर पहिला प्रतिस्पर्धी हरविण्याची शक्यता ८० आणि त्यानंतरचा हरविण्याची ४० आहे. दोन्ही फेऱ्या पार करण्याची शक्यता झाली १०० पैकी ३२. दुसऱ्या मार्गावर पहिला प्रतिस्पर्धी अधिक कठीण, ७० चा, पण पुढचा ५५ चा आहे. येथे शक्यता होते साडेअडतीस. म्हणजे पहिल्या पावलाला अवघड वाटणारी वाट अखेर सोपी असू शकते. एक प्रतिस्पर्धी निवडणे म्हणजे वस्तुतः संपूर्ण वाट निवडणे होय.

येथवर हे बुद्धीचे खेळ झाले. परंतु चाहत्याची ही इच्छा प्रेक्षागारातून उतरून मैदानात आली, तर काय होते? २००६ चा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वेळी पश्चिम विभागाच्या तीन गटांतील विजेत्यांना पहिले तीन क्रमांक देण्याचा नियम होता. त्यामुळे ४४ विजयांचे डेन्व्हर तिसरे, आणि सॅन अँटोनिओच्या गटात सापडल्याने ६० विजयांचे डॅलस चौथे! परिणाम असा की, पाचव्या संघाच्या पदरी बलाढ्य डॅलस, तर सहाव्याच्या पदरी दुबळे डेन्व्हर. शिवाय डेन्व्हरहून विजय अधिक असल्याने घरचे मैदानही सहाव्यालाच. हंगाम संपता संपता मेम्फिस आणि क्लिपर्स यांच्यात सामना झाला. जो जिंकेल त्याचे नुकसान, जो हरेल त्याचा लाभ, अशी ती विपरीत स्थिती होती. क्लिपर्स हरले आणि सहावे आले. त्यांनी डेन्व्हरला ४–१ असे नमविले. बाद फेरीतील मालिका जिंकण्यास त्यांना तब्बल तीस वर्षे लागली होती. मेम्फिसला डॅलसने ४–० असे धुऊन काढले.

क्लिपर्स मुद्दाम हरले, असे मी म्हणणार नाही; माणसाच्या मनातला हेतू धावफलकावर दिसत नसतो. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ज्याने तिकीट काढून तो सामना पाहिला, त्याला समोरचा खेळ खरा आहे की नाही, याची खात्री उरली नाही. स्पर्धेचा पाया हाच की दोन्ही बाजूंना जिंकावयाचे आहे. तोच डळमळला तर उरतो तो केवळ घामाचा देखावा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हाच देखावा जगाने पाहिला. महिला बॅडमिंटन दुहेरीत पुढील फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया यांच्या जोड्या उघडउघड जाळ्यात फटके मारू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि चार जोड्यांना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले.

शिक्षा योग्यच होती. परंतु केवळ शिक्षेने काम भागत नाही, हेही पुढे मान्य झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी बॅडमिंटनमध्ये गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांकरिता नव्याने चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली; मुद्दाम दुसरे येऊन सोयीची जागा पटकावण्याची सोय गेली. एनबीएनेही २००६–०७ च्या हंगामापासून केवळ गट जिंकला म्हणून ६० विजयांच्या संघाच्या वर बसण्याची तरतूद बदलली आणि २०१५ मध्ये विजयांची संख्या हाच क्रमवारीचा आधार ठरविला. एनबीएच्याच दुय्यम साखळीत तर काही हंगाम वरच्या क्रमांकाच्या संघांना पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी उघडपणे निवडण्याची मुभा होती. मला ही कल्पना प्रामाणिक वाटते. जी निवड चोरून करण्यासाठी हरावे लागते, तीच जिंकून राजरोस करता आली तर हरण्याचे कारणच उरत नाही. अर्थात, ‘आम्हांला सोपे समजून निवडले’ हा डंख उराशी घेऊन आलेला संघ किती सोपा राहील, हा प्रश्न आहेच!

सारांश, आकडा पाहताना तो कोणत्या दिवसांचा आणि कोणत्या माणसांचा, हे विचारावे. क्रमांक पाहताना दोघांची जातकुळी परस्परांशी कशी जुळते, ते पाहावे. पहिल्या पावलाबरोबर सारी वाट नजरेत घ्यावी. इतके करूनही उत्तर चुकू शकते, कारण समोर करीसारखा कोणी ५० गुण करावयास उभा राहिला तर सर्व हिशेब वहीतच राहतात. म्हणून प्रतिस्पर्धी निवडण्याची हौस चाहत्याने खुशाल करावी. त्यात बुद्धीला व्यायाम आहे आणि कोणाचे नुकसान नाही. खेळाडूने मात्र समोर आला त्याच्याशी खेळावे. आणि नियम करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, हरण्यात कोणाचाही फायदा राहणार नाही. या तिघांनी आपापली जागा सोडली नाही, तर सामना सामनाच राहतो.