लेखणी आणि कुदळ

आपल्या सभासद कुटुंबांतील बहुतेक कर्त्या मंडळींचा चरितार्थ आज बैठ्या कामावर चालतो. पूर्वीच्या कारकुनापुढे खतावणी असे, आताच्यापुढे संगणक असतो. खुर्ची मात्र सुटलेली नाही. तासन् तास बसून राहिले असता पायांचे स्नायू निष्क्रिय होतात. वास्तविक पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलण्यास पोटऱ्यांच्या हालचालीचेच साह्य होते, आणि रक्तातील साखर खपविणारे मोठे गिऱ्हाईकही स्नायूच होत.

ह्या गोष्टीचा महत्त्वाचा पुरावा लंडनच्या बसगाड्यांतून मिळाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली गाडीच्या जिन्यावर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी जडतो, असे डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात दाखविले. टपालखात्यातही पत्रे वाटीत हिंडणारे पोस्टमन कचेरीतील कारकुनांहून सुस्थितीत आढळले. पुढे १९५६ साली गणवेशांची मापे पाहिली, तो तरुण ड्रायव्हरांच्याही विजारी कमरेत रुंद निघाल्या! म्हणजे काही फरक नोकरीत शिरतानाच असावा. ही शंका खुद्द मॉरिस ह्यांनीच मांडली, हे विशेष. तथापि नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ निष्कर्षास बळकटीच आणली.

ह्या पोस्टमनांचा व्यायाम त्यांच्या कामातच होता. आपल्यालाही परसात तशी सोय आहे. परंतु ती बेताने वापरावी. प्रस्तुत लेखकाने निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका रविवारी, उत्साहाच्या भरात, झाडांना आळी करण्यासाठी सलग दोन तास कुदळ चालविली, आणि सोमवार-मंगळवार रजा टाकून अंथरुणात काढले. वर्षानुवर्षे न वाकलेल्या कमरेकडून एका सकाळी शेतमजुराचे काम मागितले, ही चूक!

पुढे आमच्या माळीबुवांनी कुदळ धरावयास शिकविले. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. कुदळ डोक्यावर न नेता खांद्याइतकीच उचलावी, आणि खाली येताना तिच्या वजनालाच काम करू द्यावे. मधूनमधून हातांची अदलाबदल करावी. पाण्याची एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन अर्ध्या, दोन्ही हातांत. पायांत जोडा हवाच; मातीतल्या जखमेतून धनुर्वाताचे भय असते.

आरंभी पंधरा मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत श्वास वाढणे. झारी घेऊन गुलाबाभोवती रेंगाळणे ह्यात बसत नाही. छातीत दुखते वा रक्तदाब चढतो अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात सर्वांनीच सकाळी लवकर उरकावे.

माळीबुवा अद्याप येतात. छाटणी आणि कलमे त्यांची, खणणे माझ्याकडे. आळे उथळ झाले की ते काही न बोलता कुदळ पुन्हा माझ्या हाती देतात.