आजीची कातडी का फाटते?

पालमला आमच्या घरी आजीच्या हातावरची चिकटपट्टी मी एकदा झटकन ओढली. पट्टीबरोबर कातडीचा पातळ पापुद्राही निघाला! माझ्या हातावर तीच पट्टी असती तर फार तर चार केस उपटले असते. हा फरक कशामुळे?

एक सोपा प्रयोग करा. दोन्ही तळवे एकमेकांवर सपाट टेकवून सरकवा. ते सहज सरकतात. आता बोटे एकमेकांत गुंतवून हात बाजूला सरकवून पाहा. जमत नाही ना? त्वचेतही असेच असते. वरची बाह्यत्वचा व खालची अंतस्त्वचा यांच्या सीमेवर उंचवटे आणि खळगे एकमेकांत बसलेले असतात. त्यामुळे जोडाचे क्षेत्रफळ वाढते. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल, हे तुम्ही जाणताच. क्षेत्रफळ जास्त, तर प्रतिबल कमी. वय वाढते तशी ही सीमा सपाट होते, अंतस्त्वचेतील कोलॅजेनचे तंतूही कमी होतात. मग थोड्या ओढीनेही वरचा थर सुटतो.

अशा ठिकाणी नवी त्वचा बसवता येईल का? १९७५ साली अमेरिकेत ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे कोलॅजेनच्या आधारावर दोन्ही थर वाढवून त्वचा तयार झाली. १९९८ मध्ये तेथे ती पायावरच्या चिवट जखमांसाठी मंजूर झाली. अशा जखमा वृद्धांत अधिक आढळतात. मात्र तिच्यातील पेशी परक्या असल्याने ती कायम टिकत नाही. जखम भरून येण्यास चालना देते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. तेथील मरणोत्तर दानाची त्वचाही भाजलेल्या जखमेवरचे तात्पुरते पांघरूणच असते.

रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वापरल्या तर? २०१५ मध्ये जर्मनीत सात वर्षांच्या एका मुलावर हे करण्यात आले. त्वचेचे थर जोडणाऱ्या प्रथिनाचे त्याचे जनुक सदोष होते. इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींत निर्दोष जनुक घातले, त्यांचे पापुद्रे वाढवले आणि सुमारे ८० टक्के शरीर झाकले. ती त्वचा टिकली, कारण दुरुस्ती जोडाचीच झाली होती.

आजीच्या त्वचेत मात्र एकाच जनुकाचा दोष नाही. सारी त्वचाच वयाने झिजलेली असते. म्हणून आज तयार त्वचा जखमेपुरती उपयोगी पडते, म्हातारपणावर नव्हे.

तोवर आपण काय करावे? पट्टी आधी भिजवावी, शेजारची कातडी बोटाने दाबून धरावी आणि पट्टी वर न खेचता मागे दुमडत सावकाश सोडवावी. असे केल्याने कातडीवरची ओढ का कमी होते, हे वर्गात चर्चा करून शोधा.