ब्रिटनमधील नोकरी, भारतातील निवृत्ती : ऐच्छिक वर्गणीचा हिशेब

नोकरीनिमित्त काही वर्षे ब्रिटनमध्ये राहून मायदेशी परतलेले भारतीय आज देशाच्या सर्व भागांत आढळतात. पुणे, बेंगळुरू वा हैदराबादचे संगणक अभियंते, केरळमधील परिचारिका, मुंबईचे लेखापाल असे अनेक जण त्यांत आहेत. तेथे असताना त्यांच्या वेतनातून ‘राष्ट्रीय विमा’ या नावाने दरमहा रक्कम कापली जाते. परतताना घराची अनामत आठवणीने परत घेतली जाते. या कपातीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बहुधा पन्नाशी उलटल्यावर पडतो. परदेशात राहून ऐच्छिक वर्गणी भरता येते असे तेव्हा कळते आणि ती भरावी की नाही, याविषयी संभ्रम निर्माण होतो. त्यातच २०२६ पासून या वर्गणीचे नियम बदलले आहेत. म्हणून या विषयाची मुळापासून ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

व्यवस्थेचे स्वरूप

ब्रिटनच्या आजच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेचा पाया १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने घातला. हा अहवाल लिहिणारे विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ मध्ये तत्कालीन बंगाल प्रांतातील रंगपूर येथे झाला होता. त्यांच्या शिफारशींवर आधारलेली राष्ट्रीय विमा योजना ५ जुलै १९४८ रोजी अमलात आली.

या योजनेत कोणाच्याही नावे स्वतंत्र रक्कम साठत नाही. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. वर्गणीदाराच्या नावे नोंदली जातात ती केवळ ‘पात्र वर्षे’. ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार पूर्ण निवृत्तिवेतनासाठी साधारणतः ३५ पात्र वर्षे लागतात आणि किमान १० वर्षे भरल्याशिवाय काहीच मिळत नाही. २०१६ पूर्वीची वर्षे नोंदीत असणाऱ्यांचा हिशेब काहीसा वेगळ्या रीतीने केला जातो.

आपल्याकडील कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्येही निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांच्या सेवेची अट आहे. मात्र तेथे सेवा कमी पडल्यास ठरावीक रक्कम काढून घेण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये तशी सोय नाही. ९ वर्षे भरून देश सोडणाऱ्याला वर्गणी परत मिळत नाही आणि निवृत्तिवेतनही मिळत नाही. भारतातील भविष्यनिर्वाह निधीची वर्षे या १० वर्षांत मिळवता येत नाहीत, कारण वर्षांची अशी बेरीज करून देणारा करार उभय देशांत नाही.

ऐच्छिक वर्गणी म्हणजे काय?

नोंदीतील रिकामी वर्षे स्वतःहून पैसे भरून पात्र करून घेणे, म्हणजे ऐच्छिक वर्गणी. सामान्यतः मागील सहा करवर्षांपर्यंतचीच तूट भरता येते. २००६ पासूनची जुनी वर्षे भरण्याची विशेष सवलत ५ एप्रिल २०२५ रोजी संपली आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आजवर दोन वर्ग उपलब्ध होते. २०२५-२६ या वर्षी ‘वर्ग ३’चा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे ९२३ पौंड होता. परदेशात नोकरी वा व्यवसाय करणाऱ्यांना विशिष्ट अटींवर मिळणाऱ्या ‘वर्ग २’चा दर अवघा ३.५० पौंड, म्हणजे वर्षाला १८२ पौंड होता. ब्रिटनमध्ये सलग ३ वर्षे राहिलेल्या किंवा ३ वर्षांची वर्गणी भरलेल्या व्यक्तीस हा मार्ग खुला होता.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी सादर झालेल्या ब्रिटिश अर्थसंकल्पाने या सवलतीला आळा घातला. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या परदेशातील कालावधीसाठी स्वस्त ‘वर्ग २’ बंद करण्यात आला आणि ३ वर्षांची अट १० वर्षांवर नेण्यात आली. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी जुने निकष कायम आहेत. मात्र सहा वर्षांची मुदत त्यांनाही लागू आहे. आधीपासून ‘वर्ग २’ भरत असलेल्यांसाठी संक्रमणकाळाची तरतूद असून, संबंधितांनी तिच्या अटी स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात.

दोन उदाहरणे

बदललेल्या नियमांचा परिणाम दोन काल्पनिक उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

एका परिचारिकेने २०१६-१७ ते २०२५-२६ अशी १० वर्षे ब्रिटनमध्ये नोकरी केली आणि ती भारतात परतली. २०२५-२६ मध्ये पूर्ण निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पौंड होते. त्या दराने १० वर्षांचे निवृत्तिवेतन सुमारे ६५.७९ पौंड होते. पुढे भरलेले प्रत्येक वर्ष त्यात आठवड्याला सुमारे ६.५८ पौंडांची, म्हणजे वर्षाला सुमारे ३४२ पौंडांची भर घालते. ‘वर्ग ३’च्या दराने एका वर्षासाठी दिलेले ९२३ पौंड निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर तीन वर्षांच्या आत वसूल होतात. तिची किमान अट पूर्ण झालेली असल्याने तिच्यासाठी हा व्यवहार विचार करण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण संगणक अभियंत्याचे. भारतीय कंपनीने त्याला एप्रिल २०१८ मध्ये लंडनला पाठवले आणि मार्च २०२३ मध्ये तो परतला. वास्तव्य ५ वर्षांचे झाले. परंतु परदेशी कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यास पहिले ५२ आठवडे वर्गणीतून सूट असल्याने नोंदीत ४ च वर्षे आली. जुन्या निकषांनुसार २०२३-२४ ते २०२५-२६ ही तीन वर्षे तो भरू शकतो. तरीही बेरीज ७ होते. २०२६ नंतरची वर्षे भरण्याची पात्रता त्याच्याकडे नाही. तो पुन्हा ब्रिटनमध्ये जाऊन आणखी ३ वर्षे काम करणार नसेल, तर आज भरलेली वर्गणी निष्फळ ठरेल. दोन वर्षांपूर्वी शहाणपणाचा वाटणारा हाच भरणा आज त्याने करू नये, हे उघड आहे.

यातून एकच गोष्ट ध्यानात ठेवायची : वर्गणी किती स्वस्त आहे हे नंतर पाहावे; आपली वर्षे १० पर्यंत पोहोचतात का, हे आधी मोजावे.

न वाढणारे निवृत्तिवेतन

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचे निवृत्तिवेतन दरवर्षी वेतनवाढ, महागाई किंवा २.५ टक्के यांपैकी जे अधिक असेल त्या प्रमाणात वाढते. भारतात राहणाऱ्यांना ही वाढ मिळत नाही. महागाई भत्ता कायमचा गोठवावा, तसा हा प्रकार आहे. पहिल्या दिवशी ठरलेली रक्कमच अखेरपर्यंत मिळत राहते. निवृत्तिवेतनधारक ब्रिटनमध्ये कायमचा राहावयास गेल्यास ती तेथील दराने सुरू होते. या भेदाविरुद्ध दिलेला लढा २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अपयशी ठरला.

किमान २.५ टक्के वाढ धरली, तरी २० वर्षांनी ब्रिटनमधील १०० पौंडांचे सुमारे १६४ पौंड होतात. भारतातील १०० पौंड १०० च राहतात. रुपयाच्या विनिमय दरातील बदलाने ही झीज काही अंशी भरून निघेलही. परंतु त्यावर संसाराचे अंदाजपत्रक बांधणे योग्य नव्हे. या निवृत्तिवेतनाकडे म्हातारपणाचा मुख्य आधार म्हणून न पाहता पूरक उत्पन्न म्हणून पाहावे.

आणखी एक बाब कुटुंबाने समजून घेतली पाहिजे. निवृत्तिवेतन सुरू होण्यापूर्वीच वर्गणीदाराचा मृत्यू झाल्यास भरलेली रक्कम वारसांना परत मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधी किंवा मुदत ठेवीत नामनिर्देशित व्यक्तीला मिळणारे संरक्षण येथे नाही. पतीपत्नीने दोघांच्या संमतीने निर्णय घेणे म्हणूनच इष्ट.

प्रत्यक्ष कार्यवाही

ऐच्छिक वर्गणीचा विचार करणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा :

१. राष्ट्रीय विमा क्रमांक, जुन्या वेतनपावत्या आणि वर्षअखेरीस मालकाकडून मिळणारे पी ६० हे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

२. ब्रिटिश शासनाकडून आपल्या पात्र वर्षांची नोंद आणि निवृत्तिवेतनाचा अंदाज मागवावा. कोणत्या वर्षाच्या भरण्याने रक्कम खरोखर वाढेल, याची लेखी खात्री करावी. प्रत्येक रिकामे वर्ष भरल्याने लाभ होतोच असे नाही.

३. परदेशातून वर्गणी भरण्यासाठी सीएफ ८३ हा अर्ज तेथील महसूल व सीमाशुल्क विभागाकडे करावा. मंजुरी आणि संदर्भ क्रमांक हाती आल्यावरच पैसे पाठवावेत. मध्यस्थाच्या खात्यात रक्कम भरू नये.

४. निवासी भारतीयांना उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत, अशी रक्कम बाहेर पाठवता येते. बँकेकडील पावती व संदेशाची प्रत सांभाळावी.

५. निवृत्तिवेतन आपोआप सुरू होत नाही. ते मागावे लागते. पात्रतेचे वय ६६ वरून २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. आपले वय पूर्ण होण्याच्या चार महिने आधीपासून अर्ज करता येतो. रक्कम भारतातील खात्यात जमा होऊ शकते. आपल्या बँकांना आयबॅन क्रमांक नसल्याने खाते क्रमांकासह शाखेचा स्विफ्ट संकेतांक अचूक द्यावा.

६. हयातीचा दाखला मागणारे पत्र आल्यास ते विनाविलंब भरून पाठवावे, अन्यथा निवृत्तिवेतन थांबू शकते. पत्ता बदलल्यास कळवण्यास विसरू नये.

७. भारतात निवासी ठरणाऱ्या व्यक्तीने हे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे.

परक्या देशातील थंडीवाऱ्यात केलेल्या श्रमांची वर्षे वाया जाऊ नयेत, असे प्रत्येकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेलेली वर्षे वाचवण्याच्या ओढीने आजचे पैसे घालवणे हा त्यावरील उपाय नव्हे. ज्याची १० वर्षे भरली आहेत किंवा निश्चित भरणार आहेत, त्याने मुदतीचा विचार करून त्वरेने पावले उचलावीत. ज्याची भरणार नाहीत, त्याने तीच रक्कम आपल्या देशातील भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय पेन्शन योजना वा ठेवी यांकडे वळवावी. दोघांच्याही बाबतीत निर्णयापूर्वी वर्षांची नोंद हातात असणे अगत्याचे आहे.