प्रकाशाचा निरोप आणि वाटेंतला ढग

आषाढांत कित्येक दिवस सूर्यबिंब दृष्टीस पडत नाहीं. तरी वर्गांत दिवा न लावतां पुस्तक वाचतां येतें, आणि घरीं रेडिओवरील बातम्याही ऐकूं येतात. असें कां व्हावें, हें विचारण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. परंतु अंतराळयानांशीं प्रकाशाच्या द्वारें बोलूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची सारी अडचण ह्याच प्रश्नांत आहे.

यानें आजवर मुख्यतः रेडिओलहरींनीं निरोप धाडीत आलीं. लेसरच्या किरणांतून तेवढ्याच वेळांत पुष्कळ अधिक मजकूर पाठवितां येतो. २०१३ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें चंद्राभोवतीं फिरणाऱ्या ‘लॅडी’ यानावरून सेकंदास ६२ कोटींहून अधिक खुणा अशा किरणानें पृथ्वीवर उतरविल्या. ११ डिसेंबर २०२३ रोजीं ‘सायकी’ यानानें सुमारें ३ कोटी १० लाख किलोमीटरांवरून एका मांजराचा १५ सेकंदांचा चित्रपट धाडला. तो येण्यास १०१ सेकंद लागले, व कॅलिफोर्नियांतील पालोमार येथील मोठ्या दुर्बिणीनें तो टिपला.

आतां ढगाकडे वळूं. ढग म्हणजे वाफ नव्हे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या असंख्य जलबिंदूंचा तो समूह होय. रेडिओची लहर सेंटिमीटरांनीं, कधीं मीटरांनीं मोजावी लागते. ती ह्या बिंदूंस जुमानीत नाहीं. (टपोरा पाऊस मात्र आंखूड रेडिओलहरींस त्रास देतो.) लेसरची लहर ह्या बिंदूहूनही कित्येक पट लहान. ती एका बिंदूवरून दुसऱ्यावर आदळत दाही दिशांस फांकते. प्रकाश नष्ट होत नाहीं, म्हणून पुस्तक वाचतां येतें; त्याची सरळ वाट मोडते, म्हणून सूर्यबिंब दिसत नाहीं. निरोप वाचणाऱ्यास तर बिंबच हवें असतें.

मग किरण अधिक प्रखर कां करूं नये? कारण ढगाच्या एका थरांतून सरळ किरणाचा दहावा हिस्सा उरला, तर तशा तीन थरांतून हजारावाच उरतो. शक्ति वाढवून वाढवून किती वाढविणार?

म्हणून दुसऱ्या आकाशाखालीं दुसरें केंद्र उभारतात. डिसेंबर २०२१ मध्यें सोडलेल्या नासाच्या लेसर-उपग्रहासाठीं एक केंद्र कॅलिफोर्नियांत टेबल माउंटनवर, तर दुसरें हवाई बेटांतील हालेआकाला ह्या सुमारें ३,००० मीटर उंच पर्वतावर नेमलें. तेथें पुष्कळदां ढग पायांखालीं असतात! समजा, प्रत्येक केंद्र दहांपैकीं तीन दिवस झांकलेलें असतें. तर दोन्हीं एकदम झांकलेलीं असण्याचे दिवस शंभरांत नऊ, आणि तीन केंद्रें असल्यास हजारांत सत्तावीस. मात्र एकाचा ढग दुसऱ्यावर येऊं नये इतकीं तीं दूर हवींत. मुंबई व रत्नागिरी येथें दोन केंद्रें बांधलीं, तर एकच मोसमी पाऊस दोहोंस झांकील; खर्च मात्र दुप्पट होईल.

सर्वच केंद्रें झांकलीं, तर यान मजकूर सांठवून ठेवून आकाश निवळण्याची वाट पाहतें. पण संकटांत सांपडलेल्या यानास तांतडीची आज्ञा द्यावयाची असेल, तर वाट पाहून कसें चालेल? ‘सायकी’वरील लेसर हा प्रयोगच होता, व तो २०२५ सालीं पूर्ण झाला. यानाचें नित्याचें दळणवळण रेडिओवरच ठेवलेलें आहे.