घरात आणखी कोणाला खाज येते?

मुलाच्या अंगावरचं पुरळ पंधरा दिवसांत बसलं नाही, की घरात उपायांचा शोध सुरू होतो. आजी कडुलिंबाचा पाला उकळते, काकू बेसन-हळद सुचवते, शेजारच्या वहिनी त्यांच्या मुलाला लागू पडलेल्या ट्यूबचं खोकं आणून दाखवतात, वडील कामावरून येताना मेडिकलमधून खाजेचं काहीतरी घेऊन येतात. सगळ्यांना मुलाची काळजीच असते. पण ‘काय लावू?’ एवढंच विचारलं जातं, आणि पुरळ कशाचं आहे हे महिनोन् महिने कोणी विचारतच नाही. त्वचेवर उठणाऱ्या खाजऱ्या पुरळांचे प्रकार पुष्कळ आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

अलीकडेच तपासलेल्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दोन खोल्यांचं घर, आई-वडील, आजी, सात वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. मुलगी रात्र-रात्र खाजवत बसायची, बाळ झोपेत पाय पायावर घासून रडायचं. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. अंगावर पित्त उठलं असेल म्हणून आमसुलाचं पाणी लावून झालं. उष्णता वाढली म्हणून अंडी, वांगी, शेंगदाणे बंद झाले, मग दूधही बंद झालं. ॲलर्जीचं गोड सिरप चालू होतं. बरेच पैसे मोजून रक्ताची ॲलर्जी तपासणी करून आणली होती. आणि एक ट्यूब होती, जी लावली की चार दिवस बरं वाटायचं आणि थांबवली की पुरळ दुप्पट जोराने उठायचं.

मी आईला विचारलं, तुम्हाला खाज येते का? त्या म्हणाल्या, ‘मला काही नाही, नुसतं घामोळं आहे.’ परकराच्या नाडीच्या जागी, कमरेभोवती बारीक पुळ्यांचा पट्टा होता. वडिलांना बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत खाज होती, पण ते कोणाला बोलले नव्हते. मुलीच्या मनगटावर भिंगातून पाहिलं तर करड्या रंगाची, काही मिलिमीटर लांबीची, वेडीवाकडी रेघ दिसली आणि तिच्या टोकाला एक गडद ठिपका. बाळाच्या तळपायांवर पाण्याचे बारीक फोड होते, काखेत लालसर गाठी होत्या. ही खरूज होती.

खरूज म्हटलं की लोक दुखावतात. ‘आमच्या घरी रोज दोनदा आंघोळ होते, डॉक्टर,’ असं आजी म्हणाल्याच. आजी खरंच सांगत होत्या, आणि तरीही ती खरूजच होती. खरूज अस्वच्छतेमुळे होत नाही. ती सारकोप्टिस नावाच्या आठ पायांच्या सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. कातडीच्या अगदी वरच्या थरात ती बोगदा करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. इटलीतल्या बोनोमो या वैद्याने १६८७ मध्ये हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. आज या रोगावर स्वस्त आणि खात्रीची औषधं आहेत, तरी जागतिक आरोग्य संघटनेला २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत करावा लागला. आश्रमशाळा, वसतिगृहं, दाटीची वस्ती, एका अंथरुणात झोपणारी भावंडं अशा ठिकाणी ती फिरत राहते. कातडीला कातडी काही मिनिटं लागून राहिली तरी पुरे. बाळाला कडेवर घेणं, कुशीत झोपवणं यातूनच ती घरभर पोचते.

पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडे अंगावर आल्यानंतर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्या आजी ‘मला काही होत नाही’ म्हणतात, त्यांच्या अंगावर ते आधीच असू शकतात. एकट्या मुलावर उपचार केले तर तो बरा होतो, आजीच्या कुशीत झोपतो, आणि या वेळी खाज दोन-चार दिवसांतच परत येते. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. औषध लागू पडलेलं असतं, पण ते घरात सगळ्यांना मिळालेलं नसतं.

म्हणून उपचार अख्ख्या घराचा करायचा, आणि एकाच रात्री करायचा. खाज असो वा नसो, घरात राहणाऱ्या प्रत्येकाने. यासाठी बहुतेक वेळा ५ टक्क्यांचं परमेथ्रिन मलम दिलं जातं. दोन महिन्यांपुढच्या बाळांनाही ते चालतं. गरोदर बाईला आणि अगदी तान्ह्या बाळाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मलम खाजणाऱ्या जागी तेवढं ठिपके ठिपके लावून उपयोग नाही. मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा, बेंबी, जांघा, नितंब, काहीही न वगळता लावायचं. दोन वर्षांखालच्या मुलांना डोकं, कपाळ आणि कानांमागेही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सांभाळून. मोठ्या माणसाला एका वेळेस साधारण ३० ग्रॅम लागतं. त्या घरी सगळ्यांत मिळून तेवढीच एक ट्यूब वापरायचा बेत होता, कारण महाग वाटत होती. असा अर्धवट उपचार म्हणजे पैसे वाया. रात्री लावून आठ ते बारा तासांनी सकाळी आंघोळ करायची, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, आणि आठवड्याने सगळ्यांनी हेच पुन्हा करायचं. दुसरी खेप चुकवू नका. अंड्यांतून नव्याने बाहेर आलेले किडे त्या खेपेत मरतात.

पोटातून घ्यायची आयव्हरमेक्टिनची गोळीही आहे. ती वजनावर ठरते. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिली जात नाही. म्हणून ती मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नये. काही घरांत जुन्या गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइडच्या बाटल्या असतात. त्या लहान मुलांना लावू नका, मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

दुसऱ्या सकाळी मागच्या दोन-तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल, अभ्रे कडक गरम पाण्यात धुवून उन्हात घाला. जे धुता येत नाही, गोधडी, स्वेटर, मऊ खेळणी, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवून द्या. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. घराला औषध फवारायची, गादी फेकून द्यायची गरज नाही.

इथे बहुतेक पालक धीर सोडतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मेलेल्या किड्यांवर शरीर चिडलेलं असतं, ते शांत व्हायला वेळ लागतो. त्या काळात पुन्हा पुन्हा परमेथ्रिन चोपडलं तर कातडी कोरडी पडून खाज वाढते. साधं खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावा. महिन्यानंतरही खाज असली किंवा नव्या पुळ्या आल्या तर पुन्हा दाखवा.

आता त्या ट्यूबबद्दल, जी लावली की चार दिवस बरं वाटतं. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं एखादं स्टिरॉइड, असं तिचं मिश्रण असतं. काय झालंय ते न बघता सगळ्यावरच मारा करायचा, हा तिचा हिशेब. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, पण खरजेचा किडा आणि बुरशी दोन्ही आत जोमाने वाढतात. वर पुरळाचा चेहरामोहरा बदलतो, आणि मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. लहान मुलाच्या पातळ कातडीवर, त्यातही लंगोटाखाली, ते आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी विरळ होते, जांघेत कायमचे चट्टे पडतात, रक्तात उतरून शरीरातल्या नैसर्गिक स्टिरॉइडची निर्मितीही मंदावू शकते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. विकणाऱ्यांनी हे थांबवलं पाहिजे आणि आपणही मागणं थांबवलं पाहिजे.

या ट्यूबांचा फटका सगळ्यात जास्त गजकर्णाच्या रुग्णांना बसला आहे. पूर्वी नायटा दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जायचा. आता अख्खी घरंच्या घरं वर्षभर त्याने हैराण असतात. भारतात पसरलेल्या या चिवट बुरशीला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिआय असं स्वतंत्र नाव दिलं. तिच्या काही जाती टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. गोल चट्टा, कडेला पुळ्या आणि मध्ये बरी दिसणारी कातडी असं असेल तर गजकर्णाची शंका घ्या. त्यावर ट्यूब चोपडण्याआधी दाखवून घ्या, आणि टॉवेल-कपडे वेगळे ठेवा.

पण घरात एकट्या मुलालाच खाज असेल, ती महिनोन् महिने कमीजास्त होत असेल, आणि आई-वडिलांपैकी कोणाला दमा, सर्दीची ॲलर्जी असेल, तर बहुधा ते इसब असतं, ज्याला आम्ही ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतो. तान्ह्या बाळाला ते गालांवर दिसतं, मोठ्या मुलांना कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत. यात कातडीचा वरचा थर ओल धरून ठेवू शकत नाही. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध आहे, हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. कोरड्या कातडीला बेसनाने घासणं, खसखसून साबण लावणं, कढत पाण्याची आंघोळ, चरचरीत मोहरीचं तेल, यांतली प्रत्येक गोष्ट आगीत तेल ओतते. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच, भरपूर मॉइश्चरायझर. सर्वांगाला कोरडेपणा असेल तर आठवड्याला पाव किलोपर्यंत लागतं. महागडी बाटली परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल तेल चालतं. आपल्या घरातलं खोबरेल तेल या बाबतीत खरोखर गुणाचं आहे.

इसबाचा जोर असतो तेव्हा सौम्य स्टिरॉइड मलम डॉक्टरांनी दिलं तर ते घाबरून टाळू नका. माझा विरोध चिठ्ठीशिवाय, अंदाजाने आणि अमर्याद लावण्याला आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेलं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, हे माप लक्षात ठेवा. आणि मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे स्वतःहून बंद करू नका. बहुतेकांच्या इसबाचं कारण खाणं नसतंच. त्या सव्वा वर्षाच्या बाळाचं वजन मात्र या पथ्याने घटलेलं होतं.

जुने उपाय सगळेच टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. गंधकाचं मलम ही खरजेवरची जुनी, खरीखुरी औषधयोजना आहे आणि तान्ह्या बाळांत, गरोदरपणात आम्ही आजही ते वापरतो. पण मलम म्हणून, मापाने. लसूण वाटून लावल्याने मुलांची कातडी अक्षरशः भाजते. बिननावाच्या पुड्या पोटात देऊच नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नका. खाजवून पुळ्या पिकल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांत मुलाच्या डोळ्यांभोवती सूज आली, लघवी कमी किंवा चहासारखी गडद झाली, तर मूत्रपिंडाला सूज असू शकते. इसबाच्या मुलाला ताप येऊन एकदम दुखऱ्या, एकसारख्या फोडांचे पुंजके उठले, तर तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तापाबरोबर दाबल्यावर न फिकटणारे जांभळे ठिपके दिसले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.

एरवी दवाखान्यात येताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्या असल्या तरी, सिरपच्या बाटल्या, पुड्या, तेलं, सगळं एका पिशवीत घालून आणा. पुरळ उठलेलं असतानाचे फोनवरचे फोटो दाखवा. आदल्या दिवसापासून नवं काही लावू नका. काय काय लावून झालं हे सांगताना संकोच वाटून घेऊ नका, कारण त्या पिशवीतल्या खोक्यांवरून अर्धं निदान होऊन जातं.